बारा बोटांची जागा

माझ्या डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ निळ्या पेनाने खोडलेली आहे. तिच्या वर डॉक्टरांनी दुसरी ओळ लिहून बाजूला सही केली आहे. खोडलेली ओळ अशी: सासूने पोट चोळल्यानंतर दुखणे वाढले, पोटाला मार लागलेला नाही. ही ओळ डॉक्टरांनी मनाने रचलेली नव्हती. माझ्यापुढे ती तयार झाली आणि मी ती लिहू दिली. ती खोडली जाईपर्यंत अडीच महिने गेले. त्या अडीच महिन्यांत माझ्या सासूबाईंना त्यांच्या पोटच्या मुलीने आमच्या दारात उभं राहू दिलं नाही.

आजारातून उठलेल्या माणसाने चार ओळी लिहाव्यात, दुसऱ्याला उपयोग होतो, असं वॉर्डातली एक सिस्टर मला म्हणाली होती. उपयोगाची गोष्ट लहानशी आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. पोटाला दणका बसला असेल तर तो कशाने आणि कसा बसला हे डॉक्टरला खरं सांगा. त्या वेळी दुखत नसलं तरी सांगा, लाज वाटत असली तरी सांगा. बाकी जे लिहितोय त्याचा कोणाला उपयोग होईल असं मला वाटत नाही. ते मनाला लागून राहिलंय, एवढंच.

फळा

मी मूळचा बार्शीकडचा. वीस वर्षांपूर्वी तारापूरच्या एमआयडीसीत कामाला आलो, सरावलीत खोली घेतली, माकुणसारच्या नंदाशी लग्न झालं आणि इथलाच होऊन गेलो. कंपनीत मी डिस्पॅचला आहे. माझं अक्षर चांगलं. शाळेत असताना सुविचार लिहायला मलाच उभं करायचे, आणि कंपनीतही तसंच झालं. गेटच्या आत डाव्या हाताला एक काळा फळा आहे. वर रंगाने 'अपघाताविना दिवस' असं लिहिलेलं आणि खाली मोठा चौकोन. दुसऱ्या कंपन्यांत दिव्यांचे आकडे असतात, आमच्याकडे अजून खडू चालतो. रोज सकाळी कालचा आकडा पुसून आजचा लिहायचा हे माझं काम. रविवारी सुट्टी असली तरी मी सोमवारी दोन दिवसांचा हिशेब बरोबर लावायचो.

हजार दिवस पूर्ण झाले की कार्यक्रम होता. सगळ्यांना प्रेशर कुकर मिळणार होता, आणि पहिल्यांदाच कंत्राटी कामगारांनाही. माझ्याबरोबर ट्रॉलीवर काम करणारा रामनरेश कंत्राटी आहे. "दादा, इस बार गाँव जाऊँगा तो कुकर लेके जाऊँगा," असं तो सारखं म्हणायचा. मी सुरक्षा समितीत होतो. त्या सोमवारी सकाळीच मी नव्या मुलांना दहा मिनिटांचं भाषण दिलं होतं: ट्रॉलीवर उभं राहू नका, उतारावर ट्रॉली सोडू नका. फळ्यावर नऊशे एक्क्याण्णव लिहिलं होतं.

आणि त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मला अवदसा आठवली. रॅम्प मोकळा होता, ट्रॉली रिकामी होती. मी माल उचलायच्या लोखंडी पात्यांवर उभा राहिलो, समोरचं हँडल दोन्ही हातांत धरलं आणि रामनरेशला म्हणालो, दे धक्का. तो नाही नाही म्हणत होता. मी म्हणालो, अरे, कोण बघतंय. उतार संपतो तिथे सांडपाण्याच्या नालीवर जाळी आहे. पुढचं चाक जाळीत अडकलं, ट्रॉली जागच्या जागी थांबली आणि मी थांबलो नाही. हँडलचं टोक बरगड्यांच्या खाली, बरोबर मध्ये घुसलं.

श्वास गेला आणि परत आला. दोन मिनिटं बसून राहिलो. रक्त नाही, काही नाही. शर्ट वर करून पाहिलं तर रुपयाएवढा लाल डाग होता. रामनरेश घाबरला होता. "दादा, ऑफिस में बोल देते हैं, चोट लगी है," तो म्हणाला. मी त्याला गप्प बसवलं. नऊ दिवस राहिले होते. मी त्याला सांगितलं की तुझ्या कुकरसाठी गप्प राहतोय, आणि ते थोडं खरंही होतं. पण जास्त खरं हे की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौकोनात माझ्या सुंदर अक्षरात मला शून्य काढायचं नव्हतं.

बेंबी

सासूबाई तेव्हा आमच्याकडे चार दिवस राहायला आल्या होत्या. त्यांचं नाव भागीरथी, पण माकुणसारात लहानथोर सगळे त्यांना भागीमावशी म्हणतात. आयुष्य विड्याच्या पानांच्या वाडीत गेलेलं. त्यांची दुसरी ओळख म्हणजे त्यांचा हात. जड उचलल्याने बेंबी सरकली, पोट धरलं, जुलाब थांबत नाहीत, की लोक सकाळी अनशापोटी त्यांच्या ओटीवर येऊन आडवे व्हायचे. सफाळे, केळव्यापासून यायचे. त्या कोणाकडून नारळसुद्धा घेत नाहीत. घेतलं तर हात उतरतो, असं त्यांच्या सासूने त्यांना सांगून ठेवलंय.

सोमवारी संध्याकाळी मी जेवलो नाही. मंगळवारी सकाळी उलटी झाली. नंदाने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काल ड्रम उचलला, भरलेला होता, पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. हे मी इतक्या सहज बोललो की मला स्वतःलाच ते पटलं.

नंदा लगेच आईकडे वळली. "आये, बघ गं जरा, सरकली असेल."

सासूबाईंनी मला चटईवर झोपवलं. बेंबीपासून छातीच्या दोन्ही बाजूंना दोरा लावून मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मग दोरा बोटाला गुंडाळून ठेवला आणि तीन बोटं बेंबीवर टेकवून बराच वेळ नुसत्याच बसून राहिल्या. एरवी त्या बोलत बोलत काम करतात. त्या दिवशी बोलल्या नाहीत.

"जावईबापू, ड्रमच उचललात ना तुमी?"

"हो."

"दुसरं काय लागलं नाय ना?"

"नाही हो आई."

त्यांनी तेल लावलं, अंगठ्याने दाबलं, बेंबीवर कणकेचा दिवा ठेवून वर तांब्या पालथा घातला. तांब्याने पोट वर ओढलं तेव्हा मी ओरडलो. पण तांब्या काढल्यावर हलकं वाटलं. दुपारपर्यंत मी बसून वरणाचं पाणीही प्यायलो. नंदा आईकडे बघून हसली. सासूबाई हसल्या नाहीत, तांब्या धुवायला मोरीत गेल्या.

संध्याकाळी पुन्हा दुखायला लागलं, आता पाठीत. बोईसरला आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेलो. दारातच कंपाउंडरला म्हणालो, "गॅस झालाय." त्याने पेन खाली ठेवून विचारलं, "कंपनीतला?" आमच्या भागात गॅस म्हटलं की हा प्रश्न येतोच. "नाही रे बाबा, पोटातला." बसलेले पेशंट हसले, मीही हसलो, आणि हसताना आत काहीतरी चिरत गेलं. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. मऊ होतं. पोटाला काही लागलंय का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. जड उचललं होतं, एवढं सांगितलं. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि बजावलं की वाढलं तर वाट बघू नका, सरळ पालघर गाठा. त्यांची काही चूक नाही. त्यांना मी जे दिलं त्यावर त्यांनी औषध दिलं.

बुधवार

बुधवारी सकाळी अंगात ताप होता आणि मला सरळ उभं राहता येत नव्हतं. रामनरेशने शेजारच्याची गाडी मागून आणली. नंदा मागे माझं डोकं मांडीवर घेऊन बसली, सासूबाई पुढे. बोईसर-पालघर रस्त्यावरचा प्रत्येक गतिरोधक माझ्या पोटातून गेला. मला मोजायची सवय, मी मोजत होतो. उमरोळीपर्यंत मोजले, मग सोडून दिलं.

हॉस्पिटलात तपासण्या सुरू झाल्या. रक्त नेलं, एक्स-रे काढला. मग सर्जन आले. चाळिशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनीही तोच प्रश्न विचारला. पोटाला मार लागला होता का? पडलात? गाडीचं हँडल, काही?

खोलीत आम्ही चौघं होतो. सासूबाई खाली बाकावर थांबल्या होत्या. रामनरेशने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने तोंड मिटलं आणि तो खिडकीकडे वळला.

"नाही," मी म्हणालो.

"काल सकाळी आईने बेंबी बसवली," नंदा म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "म्हणजे दाबलं पोट? किती जोरात?"

"तांब्या लावला. हे ओरडले होते."

मी डोळे मिटून घेतले. दुखत होतं हे खरंच, पण डोळे त्यासाठी मिटले नव्हते. पेन कागदावर चालल्याचा आवाज मला ऐकू आला.

स्कॅनमध्ये कळलं. पोटाच्या मागच्या बाजूला जिथे हवा असायला नको तिथे हवा होती, पाणी होतं. तासाभरात मला आत नेलं. नंदाने सही केली. मला भीती वाटली का? वाटली, फार वाटली. मरायची वाटलीच, पण त्याहून चमत्कारिक म्हणजे भूल देताना माझ्या मनात आलं की आज फळ्यावर नऊशे त्र्याण्णव कोणी लिहिलं असेल, आणि त्याचा तीन नीट आला असेल का.

नळ्या

शुद्धीवर आलो तेव्हा नाकात नळी, कुशीत नळी, लघवीला नळी, आणि पोटाच्या डाव्या बाजूने थेट आतड्यात सोडलेली आणखी एक. तिच्यातून मला जेवण मिळणार होतं. तोंडाने पाण्याचा थेंबही नाही. तहान काय असते ते मला त्या दिवसांत कळलं. सिस्टर ओली पट्टी ओठांवर फिरवायची तेव्हा मी ती चोखायला बघायचो आणि ती रागे भरायची. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा बटाटेवडा खायचा. मी त्याचा मनापासून द्वेष केला. तोच म्हातारा पुढे माझी फिरायची वेळ झाली की माझी पिशवी धरून बरोबर चालायचा.

वॉर्डाचा दिवस पहाटे फरशी पुसण्यापासून सुरू व्हायचा. मग अंग पुसणं, ताप, मग कुशीतल्या पिशवीत किती हिरवं पाणी जमलं ते मोजून तक्त्यावर लिहिणं. डॉक्टर आले की आधी तो आकडा बघायचे. "हा शून्य व्हायला हवा," म्हणायचे. इथे सगळे शून्याची वाट बघत होते. सिस्टरचं अक्षर गचाळ होतं आणि मला ते फार आवडायचं.

पहिली शिवण टिकली नाही. चौथ्या दिवशी पिशवीत अचानक जास्त आलं, ताप चढला, आणि मला पुन्हा आत नेलं. उशीर झाल्याने आतली जागा सुजलेली होती, टाके धरत नव्हते, असं नंतर सांगितलं.

सासूबाई पहिले दोन दिवस खालीच बसून होत्या. पिशवीत तो तांब्या होता. वर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नंदा खाली गेली आणि परत येऊन माझ्या खाटेशी उभी राहून रडली. रागावली की तिच्या तोंडात माकुणसारची भाषा येते.

"मी तिला सांगितलं, तू घरी जा. तुज्या हाताने माज्या नवऱ्याचं आतडं फाटलं. परत माज्या दारात येऊ नको."

"काय म्हणाल्या?"

"काय नाय. उठली आणि गेली."

नाकातल्या नळीमुळे मला बोलता येत नव्हतं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. बोलता येत होतं. पाणी मागायला मी बोलतच होतो.

नऊशे नव्व्याण्णव

दुसऱ्या ऑपरेशननंतर दोन दिवसांनी सर्जन एकटेच आले. नंदा औषधं आणायला गेली होती. ते खुर्ची ओढून बसले आणि मला समजावून सांगू लागले. जठर संपतं तिथे बारा बोटांएवढ्या लांबीचं आतडं असतं, त्याचं नावही बारावरूनच पडलंय. ते मागे, मणक्याला टेकून असतं. समोरून कडक वस्तूचा दणका बसला की ते ती वस्तू आणि मणका यांच्यामध्ये चिरडतं. मागे दडलेलं असल्याने पोट सुरुवातीला मऊ लागतं, माणूस हिंडतो फिरतो, आणि आत गळत राहतं. त्यांनी स्वतःच्या पोटावर बोटं ठेवून जागा दाखवली.

"हाताने चोळून हे असं फाटत नाही," ते म्हणाले. "मी आत पाहिलंय. म्हणून परत विचारतो. काही लागलं होतं का?"

त्या दिवशी फळ्यावर नऊशे नव्व्याण्णव असणार हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी मान हलवली. नाही.

त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "तुमच्या सासूबाई तीन दिवस खाली बाकावर होत्या. मी जाता-येता त्यांना बघत होतो." मग उठले. "ठीक आहे. तुम्ही सांगितलंत ते कागदावर राहील."

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. भाषणं झाली, पेढे वाटले. संध्याकाळी रामनरेश भेटायला आला. "दादा, आपका कुकर भाभी को घर पे दे दिया," तो म्हणाला. बराच वेळ खाटेच्या दांडीवर नख घासत बसला. मग म्हणाला, "दादा, अब तो हजार हो गया। अब तो माताजी को बोल दो।"

"बोलूंगा," मी म्हणालो. ती अडीच महिन्यांतली माझी सगळ्यात आवडती थाप होती.

पेज

दीड महिन्याने घरी आलो. सोळा किलो गेले होते. पँट दोरीने बांधायचो. नंदाने त्या काळात जे केलं ते लिहायला माझ्याकडे शब्द नाहीत. जखम स्वच्छ करायची, नळीतून खाणं घालायची, माझी चिडचिड ऐकून घ्यायची आणि मग स्वतःच्या नोकरीवरही जायची. आधी चमच्याने पाणी, मग पेज, मग मऊ भात. तो भात ती नव्या कुकरमध्ये लावायची. शिटी झाली की मला ते ऐकवत नसे. मी तिला सांगितलं, आवाजाने डोकं दुखतं, पातेल्यात शिजव. तिने तसं केलं, काही विचारलं नाही.

माकुणसारची एक शेजारीण बोईसरला कामाला येते. तिच्याबरोबर सासूबाई दर दोन दिवसांनी स्टीलच्या डब्यातून पेज पाठवायच्या. लाल तांदळाची, वर थोडं मीठ. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. नंदा भरलेलंच परत द्यायची. झाकणही उघडायची नाही. मी चटईवर पडून बघायचो. डब्याच्या कडेला आतून वाफेचं पाणी जमलेलं असेल, मीठ बोटाने चाखून घातलं असेल, हे सगळं मला दिसायचं. सांगायचं ओठांवर यायचं आणि मग वाटायचं, आज नको, टाके भरून येऊ देत. टाके भरले. मग वाटलं, नळी निघू दे. नळीही निघाली. खोटं बोलायला मला एक क्षण लागला होता. ते मागे घ्यायला रोज एक नवं कारण सापडत होतं, आणि दिवसागणिक ते जास्त जड होत होतं, कारण आता फक्त ट्रॉलीची लाज नव्हती. गप्प बसल्याची होती.

एक दिवस शेजारीण डबा परत घेताना दारातच म्हणाली, "भागीमावशी आता कोनाच्या पोटाला हात नाय लावत. काल एक लेकुरवाळी आली केळव्यावरून, तिला ओटीवरनं परत पाठवली. लोक काय काय बोलतात. जावयाचं आतडं फाडलं म्हनतात."

नंदाने दार लावून घेतलं. तिचा चेहरा मला दिसला. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या आईबद्दल लोक असं बोलतात आणि आपणच ते आधी बोललो, एवढंच तिथे होतं.

"उद्या माकुणसारला जाऊ," मी म्हणालो.

"मी नाय येणार."

"मग मी एकटा जातो."

मला एकट्याला ती सोडणार नाही हे मला ठाऊक होतं.

आधी पुढचं सांगतो

माकुणसारात जे झालं ते शेवटी लिहितो, कारण ते लिहायला मला सगळ्यात जड जातं. त्यानंतरचं आधी सांगून टाकतो.

सर्जनकडे गेलो आणि खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. कार्ड मागून घेतलं, ओळ खोडली, नवी लिहिली. पहिल्या दिवशी हे कळलं असतं तर बहुधा एकाच ऑपरेशनवर भागलं असतं, म्हणाले. बहुधा, हा त्यांचा शब्द.

कंपनीत सेफ्टीच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी केबिनचं दार लावलं आणि म्हणाले, झालं ते झालं, हजार होऊन गेले, वर रिपोर्ट गेलाय, आता तुम्ही तब्येत सांभाळा. फळा अजून पुढे चालू आहे. मी तो लिहायचं सोडलं. आता एक नवी मुलगी लिहिते.

माकुणसारात मी चार घरी जाऊन सांगितलं की भागीमावशींचा काही दोष नव्हता, मी ट्रॉलीवरून आपटलो होतो. लोकांनी ऐकून घेतलं, चहा दिला. मी निघाल्यावर काय बोलले ते शेजारणीने सांगितलं. जावई भला माणूस हाय, म्हणाले, सासूला वाचवतोय. माझं खोटं त्यांनी कोणी तपासलं नव्हतं. खरं सांगितलं तेव्हा मात्र त्यांना ते खोटं वाटलं. सासूबाईंच्या ओटीवर अजूनही कोणी येत नाही, आणि कोणी आलं तरी त्या हात लावत नाहीत.

ओटी

आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. सासूबाई ओटीवर विड्याची पानं लावत बसल्या होत्या, मोठी एकीकडे, लहान एकीकडे. नंदा अंगणातच थांबली. मी वर जाऊन त्यांच्यासमोर बसलो.

"बारीक झालात फार," त्या म्हणाल्या. "पेज देऊ?"

"आई, आधी ऐका."

मी सगळं सांगितलं. ट्रॉली, उतार, जाळी, हँडल, फळा. नऊशे एक्क्याण्णवसुद्धा सांगितलं. त्या पानं लावत होत्या. मी थांबलो तेव्हा त्यांनी हातातलं पान चवडीवर ठेवलं.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बेंबी जाग्यावर होती. दोरा दोनी अंगाला सारका भरला, दोनदा मोजला मी. वर बरगडीखाली लाल वण होता. माजी बोटं सांगत होती, हे सरकल्याचं नाय, ह्यांना कायतरी लागलंय. म्हनून तर इचारलं तुमाला दोनदा."

"मग बसवलीत का, आई?"

"तुमी म्हनलात ना, ड्रम उचलला." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जावयाला खोटा कशी म्हनू? लेकीच्या घरात, लेकीसमोर? मला वाटलं, माजीच बोटं म्हातारी झाली. आनि मंग आतडं फाटलं म्हनाले, तवा वाटलं, बोटं चुकली ती चुकलीच, वर फाडलं पन त्यांनीच. म्हनून सोडलं."

पहिल्या दिवशी, सगळ्या डॉक्टरांच्या आणि मशिनांच्या आधी, एका माणसाला बरोबर कळलं होतं. त्या माणसाने माझ्या शब्दासाठी स्वतःच्या बोटांवर अविश्वास दाखवला. मी त्यांच्या पायाशी डोकं टेकायला वाकलो, पण व्रण ओढल्याने पूर्ण वाकता आलं नाही, आणि तसाच अर्धवट वाकून मी रडलो.

नंदा कधी ओटीवर आली मला कळलं नाही.

"अडीच महिने," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता. "अडीच महिने माजी आय पेज पाठवत होती आनि मी परत करत होते. आनि तुमी बघत रायलात."

ती आता ओरडेल असं मला वाटलं, निदान आईची माफी मागेल असं वाटलं. तिने दोन्ही केलं नाही. आईच्या शेजारी मांडी घालून बसली आणि पुढ्यातली अर्धी पानं स्वतःकडे ओढून लावायला लागली. सासूबाईंनी तिची चवड पाहिली. "लहान मोठ्यात टाकतेस," म्हणाल्या, आणि एक पान उचलून बरोबर जागी ठेवलं. आमच्या घरात त्यानंतर नंदा माझ्याशी कामापुरतं बोलते. तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे.

थोड्या वेळाने सासूबाईंनी हात पदराला पुसले. "दाखवा बघू," म्हणाल्या.

मी तिथेच चटईवर आडवा झालो आणि शर्ट वर केला. व्रण छातीखालून निघून सरळ खाली येतो आणि बेंबीपाशी तिला वळसा घालून पुढे जातो. त्यांनी कनवटीचा दोरा काढला. बेंबीपासून एका बाजूला लावला, मग दुसऱ्या बाजूला. पुन्हा एकदा लावला. मग तीन बोटं अलगद टेकवली. दाबलं नाही. बोटं थंड होती, पुसूनही पानांच्या पाण्याने ओलसर होती, आणि या वेळी त्यांनी लगेच सांगितलं.

"आता सरकली हाय, जावईबापू. तवा नव्हती."

"बसवता येईल?" मी विचारलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "आता ती तितंच ऱ्हायची." त्यांनी दोरा बोटाला गुंडाळला आणि माझा शर्ट खाली ओढला.